ग्रुपच्या अ‍ॅडमिन ताईंना जाहीर पत्र

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते चालणार नाही, हे पक्कं ठाऊक आहे. ग्रुपवर कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी "इथे फक्त नोकरीचं बोला" म्हणून तुम्ही गप्प करता, आणि आभाराचे मेसेज तर दिसल्या दिसल्या उडवता. म्हणून हे बाहेर, सगळ्यांसमोर लिहितोय. इथलं तुम्हाला डिलीट करता येणार नाही.

मला नोकरी लागली ती तुमच्या एका पोस्टमुळे. त्याबद्दल फोनवर बोलून झालंय, तेव्हा तेच पुन्हा उगाळत नाही. आज आभार मानायचेत ते तुम्ही ग्रुपवर जे येऊ दिलं नाहीत त्याचे.

काम गेलं की माणूस दिसेल त्या ग्रुपमध्ये शिरतो. मीही शिरलो. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, फेसबुक, काही सोडलं नाही. सगळीकडे तेच: "अर्जंट रिक्वायरमेंट, आकर्षक पगार, त्वरित संपर्क करा." कंपनी कुठली, काम काय, जाहिरात कधीची, काही पत्ता नाही. फोन लावावा तर जागा कधीच भरलेली, आणि पलीकडचा माणूस वैतागलेला, कारण त्याचा नंबर अजून गावभर फिरतोय. फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने 2020 मध्ये घातली. पण कॉपी करून चिकटवणाऱ्याला कोण अडवणार? फॉरवर्ड करायला कष्ट पडत नाहीत, आणि मदत केल्याचं समाधान मात्र पुरेपूर मिळतं.

तुमच्या ग्रुपवर आलो तेव्हा आधी वाटलं, इथे काही हालचालच नाही. दिवसाकाठी दोन-तीन पोस्टी, कधी एकही नाही. मग एक पोस्ट नीट वाचली. पद, कामाचं ठिकाण, शिफ्ट, अनुभव किती हवा, पगार कितीपासून कितीपर्यंत, अर्ज कुणाकडे आणि कुठल्या तारखेपर्यंत. खाली तुमची ओळ: "आज फोन करून खात्री केली आहे." जागा भरली की त्याच मेसेजला रिप्लाय: "भरली. आता फोन करू नका." ही शेवटची ओळ किती जणांची उमेद वाचवते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. बेकारीत नकार पचतो हो. पण नसलेल्या जागेसाठी शर्टाला इस्त्री करून निघायचं, ते पचत नाही.

पगाराचा आकडा नसेल तर पोस्ट नाही, हा तुमचा नियम ऐकून काही मालक ग्रुप सोडून गेल्याचं तुम्हीच सांगितलंत. "जाऊ देत," म्हणालात. एका ठिकाणची तीच जागा पुन्हा पुन्हा यायची. जो-तो मुलाखत देऊन यायचा आणि निवड कुणाचीच व्हायची नाही. तुम्ही त्यांना सरळ विचारलंत, "माणूस घ्यायचाय की नुसता बाजारभाव बघताय?" त्यानंतर ती जाहिरात आपल्याकडे दिसली नाही.

आणि पैसे मागणारे. मोठ्या कंपनीचा लोगो, ऑफर लेटर तयार, फक्त ट्रेनिंगचं किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचं तेवढं आधी भरा. ईमेल मात्र कंपनीच्या डोमेनवरचा नाही, कुणीही उघडावा असा फुकटातला. अशी पोस्ट आली की तुम्ही ती काढायच्या आधी तिच्यावर बोट ठेवून दाखवायचात, इथे बघा, इथे बघा. ग्रुपच्या वर्णनात अजूनही एकच वाक्य आहे: "काम मागणाऱ्याने काम मिळण्यासाठी पैसे द्यायचे नसतात." मला आधी तो तुमचा बाणेदारपणा वाटला होता. मग कळलं, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या करारातही, म्हणजे 181 क्रमांकाच्या, मूळ तत्त्व तेच आहे: खासगी एजन्सीने कामगाराकडून शुल्क घेऊ नये. थोडे अपवाद सोडले तर खर्च माणूस हवा असणाऱ्याचा.

माझा बायोडेटा मी ग्रुपवरच टाकला होता. मिनिटभरात तुम्ही तो उडवलात आणि खाजगीत लिहिलंत, "हजार अनोळखी लोकांना जन्मतारीख आणि घरचा पत्ता कशाला वाटताय?" व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात 1024 जण मावतात, आणि आपला ग्रुप भरत आलेला. घरचा पत्ता काढायला लावलात. मग पहिली ओळ वाचून विचारलंत, "हे 'डायनॅमिक' आणि 'रिझल्ट ओरिएंटेड' म्हणजे तुम्ही नक्की काय करत होतात?" मी म्हटलं, डिस्पॅच बघायचो. "बघायचो म्हणजे? गाड्या कोण लावायचं? माल कमी भरला तर कुणाला फोन यायचा? स्टॉक जुळला नाही तर रात्री कोण थांबायचं?" सगळ्याचं उत्तर मीच होतो, आणि त्यातलं एक अक्षर बायोडेट्यात नव्हतं. तुम्ही विचारत गेलात, मी लिहीत गेलो. पुढे मुलाखतीत मला हेच प्रश्न जवळजवळ याच क्रमाने आले.

लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या साइटवर फोटोभोवती 'काम शोधतोय' सांगणारी ती हिरवी पट्टी लावायची लाज वाटत होती, तेही तुमच्याच लक्षात आलं. पट्टी न लावताही फक्त रिक्रूटरना, म्हणजे माणसं शोधणाऱ्यांना, कळेल अशी सोय आहे, हे तुम्ही दाखवलंत. वर हेही सांगितलंत की ज्यांची नोकरी चालू आहे त्यांनी या सोयीवर डोळे मिटून भरवसा ठेवू नये. आपल्याच कंपनीला कळणार नाही याची शंभर टक्के हमी लिंक्डइनही देत नाही. या गोष्टी माझ्या जवळच्या माणसांपैकी कुणालाच ठाऊक नव्हत्या. त्यांनी धीर दिला, तो लागतोच. पण त्यांना माहीत असलेल्या जागा मलाही माहीत होत्या.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये नेमकं हेच मांडलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याने सांगितलं तो माणूस तेव्हा कितीदा भेटायचा? वारंवार, असं सांगणारे 16.7 टक्के. अधूनमधून म्हणणारे 55.6 टक्के, आणि क्वचित म्हणणारे 27.8. पुढे 2022 मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष छापून आले, त्यातही साधारण तोच सूर: गळ्यातल्या ताइतांपेक्षा बेताची ओळख असलेली माणसं नोकरीला जास्त उपयोगी पडतात. अगदीच नावापुरती ओळख मात्र तितकी कामाची नाही. तुमची-माझी ओळख त्या बेताच्या गटातली. आपण अजून एकमेकांना पाहिलेलंही नाही.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी भांडतो. ग्रुप सांभाळणं म्हणजे काही काम नाही, असं तुम्ही म्हणता. तुमची नोकरी, घर, आणि वर रात्री अकराला कुणीतरी "ताई, माझं काही झालं का?" विचारणार, त्यालाही उत्तर द्यायचं. मालकांकडून नकार कळवून घेण्याचा तुमचा हट्ट तर औरच: "घ्यायचं नसेल तर नाही म्हणा, पण म्हणा." आता मी टेबलाच्या या बाजूला बसतो, अर्ज माझ्याकडे येतात, तेव्हा कळतं की "नाही" असं लिहून पाठवायला फार वेळ लागत नाही. टाळायला निमित्तं मात्र भरपूर सापडतात. आमच्या खात्यात तरी आता निवड न झालेल्या प्रत्येकाला मेसेज जातो.

दुसरा अ‍ॅडमिन घ्या, असं मी मागेही सुचवलं होतं. खात्री करायचे फोन वाटून घेता येतील. शनिवार-रविवारचे माझ्याकडे द्या. खडसावायचं काम हवं तर तुमच्याकडेच ठेवा.

आणि एक जागा निघते आहे, स्टोअर असिस्टंटची. पगार लिहिलाय, शिफ्ट लिहिली आहे, अर्जाची शेवटची तारीखही. तपशील खाजगीत पाठवलाय. तरीसुद्धा नेहमीसारखा फोन करून खात्री करा, माझ्या शब्दावर टाकू नका. फोन ऑफिसच्या नंबरवर करा, आणि सहाच्या आत. नंतर तो कुणी उचलत नाही.

आपला,
ग्रुपमधला एक डिस्पॅचवाला