नाणं घासू नका हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्याला १३८ कोटी मिळाल्याची गोष्ट परत एकदा छापून आली. गोष्ट खरी आहे, आकडाही बरोबर आहे (२०२१ मधे डॉलर ७३ च्या आसपास होता त्या हिशोबाने), पण शेवटी तुमच्या लेखकाने जे लिहिलंय की वाचकांनीही आपल्या घरातली जुनी नाणी घासूनपुसून बाहेर काढावीत, ते वाचून अक्षरशः डोक्याला हात लावला. बाहेर काढा हो, पण घासूनपुसून नका काढू. मी गेली पंचवीसेक वर्षं न्यू जर्सीत राहतो आणि त्यातली वीस तरी या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांच्या नादात गेलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, पत्र लांबलं तर कापा पण घासण्याबद्दलचं तेवढं राहू द्या.

आधी त्या १३८ कोटींबद्दल. ते १९३३ चं डबल ईगल, वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्याला डबल ईगल म्हणतात. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत ४,४५,५०० नाणी पाडली होती, म्हणजे दुर्मिळ वगैरे काही नव्हतं ते. पण त्याच वर्षी एप्रिलमधे रूझवेल्टने लोकांकडचं सोनं सरकारजमा करायचा हुकूम काढला आणि ही नाणी चलनात आलीच नाहीत, पुढे वितळवून टाकली, दोन तेवढी स्मिथसोनियन संग्रहालयाला दिली. काही मागच्या दाराने बाहेर पडली आणि सरकारच्या लेखी ती चोरीचीच. त्यातलं एक इजिप्तच्या राजा फारूककडे गेलं, राजा गादीवरून गेल्यावर ते गायब झालं, आणि १९९६ मधे न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात एका ब्रिटिश व्यापाऱ्याला सापळा लावून पकडलं तेव्हा जे हाती लागलं ते हेच असं मानतात. कोर्टात तडजोड झाली, २००२ मधे लिलाव झाला, ६६ लाख डॉलरवर हातोडा पडला, वर १५ टक्के लिलाव कंपनीचं कमिशन, आणि वर आणखी फक्त वीस डॉलर! ते कशाला, तर नाणं अधिकृतपणे चलनात आलं असं दाखवायला घेणाऱ्याला त्याची दर्शनी किंमत सरकारकडे भरायला लागली. मला आख्ख्या प्रकरणात हेच सगळ्यात भारी वाटतं. तेव्हा ते स्टुअर्ट वाइट्झमन या चपलाबुटांच्या डिझायनरने घेतलं होतं आणि २०२१ ला त्याच्याकडून ते सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं.

म्हणजे त्या पैशातले बरेचसे नाणं कायदेशीर ठरवणाऱ्या त्या एका कागदाचे आहेत. बाळगायला कायदेशीर असं हे एकच. फिलाडेल्फियाच्या एका जवाहिऱ्याच्या घरच्यांना अशीच दहा नाणी तिजोरीत सापडली, २००४ मधे त्यांनी ती खरी आहेत का बघायला टाकसाळीकडे दिली आणि टाकसाळीने परतच केली नाहीत, वर्षानुवर्षं खटला चालला आणि शेवटी सरकारच जिंकलं. तेच वर्ष, तीच टाकसाळ, तेच सोनं, आणि हातात शून्य. हे तुमच्या पुरवणीत नव्हतं.

बाकीच्या नाण्यांचं गणित वेगळंय. डबल ईगलमधे ९० टक्के सोनं आणि १० टक्के तांबं असतं, वजन ३३.४ ग्रॅम, म्हणजे शुद्ध सोनं एक औंसाला जरासं कमी, ०.९६७५ औंस. हा झाला मोडीचा भाव, याच्या खाली कोणी मागितलं तर सरळ उठून यायचं. याच्या वर किती मिळणार ते ठरतं दोन गोष्टींवर, तशी आज किती उरलीत आणि तुमचं कुठल्या स्थितीत आहे. जुनेपणाचा यात फार थोडा वाटा. १९०४ चं लिबर्टी डबल ईगल, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा चेहरा असलेलं, शंभर वर्षांच्या वर जुनं आहे पण साठ लाखांच्या वर पाडलं होतं आणि युरोपातल्या बँकांच्या तिजोऱ्यांतून थैल्याच्या थैल्या परत आल्या, त्यामुळे कुठल्याही दुकानात मिळतं. १९२७ चं साधं फिलाडेल्फियाचं तसंच, पण त्याच वर्षी डेन्व्हरला पाडलेलं, ज्यावर बारीक डी असतो, ते १,८०,००० पाडूनही जेमतेम डझनभर उरलंय कारण बाकीची वितळली. एका अक्षराचा फरक, आणि किंमत लाखो डॉलरमधे. अर्थात त्यामुळेच साध्या नाण्यावर खोटा डी चिकटवणारे कलाकारही आहेतच.

आता स्थिती म्हणजे ग्रेड. हे १ ते ७० चं स्केल काढलं विल्यम शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ मधे, ते पण सोन्यासाठी नाही तर तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी, आणि कल्पना अशी होती की ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. तो हिशोब केव्हाच मोडला, आकडे राहिले. (या शेल्डननेच अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटी या नाणी अभ्यासणाऱ्या संस्थेच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून तिथे स्वतःची हलकी ठेवली होती, ते तो गेल्यावर पुढे सिद्ध झालं. असो.) १९८६ पासून पीसीजीएस आणि लगेच पुढच्या वर्षी एनजीसी अशा कंपन्या आल्या, त्या नाणं तपासून आकडा देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सील करतात, तिला स्लॅब म्हणतात. ६० पासून पुढे एमएस, म्हणजे अजिबात झिजलेलं नाही. ५० ते ५८ एयू, म्हणजे उंचवट्यांवर जरा हात फिरलेला, लिबर्टीच्या केसांवर किंवा सेंट-गॉडन्स या शिल्पकाराने घडवलेल्या नंतरच्या डबल ईगलवर त्या उभ्या बाईच्या गुडघ्यावर बघायचं, तिथली चकाकी आधी जाते. आता गंमत बघा, एमएस ६० म्हणजे झीज नाही पण थैलीत एकमेकांवर आपटून चेहराभर ओरखडे, आणि एयू ५८ म्हणजे किंचित झीज पण दिसायला कितीतरी देखणं, तरी कागदावर ६० मोठं. मी डोळे झाकून ५८ घेतो.

६३ आणि ६५ मधला फरक नवख्याला दिसत नाही, मला पण पहिली चार वर्षं दिसला नाही, दिव्याखाली नाणं तिरकं धरून फिरवायला लागतं तेव्हा चकाकी गाडीच्या चाकासारखी फिरते आणि गालावरचे ओरखडे दिसतात. ओरखडलेल्या गालाचं ६५ होत नाही. आणि शेवटी हे माणसांचं मत आहे, त्यामुळे लोक स्लॅब फोडून तेच नाणं परत परत पाठवतात की कधीतरी एक आकडा वर चढेल, आणि चढतोही. म्हणून मग २००७ ला सीएसी आली, जॉन अल्बानीझची, ती स्लॅबमधलं नाणं बघून त्या ग्रेडला खरंच शोभतंय वाटलं तर हिरवा स्टिकर लावते आणि लिलावात स्टिकरवाल्याला जास्त बोली लागते. म्हणजे आधी नाणं, मग नाण्यावर मत, मग मतावर मत!

आणि सगळं ग्रेडवर असतं असंही नाही हं. १८२२ चं पाच डॉलरचं नाणं जगात तीनच आहेत, दोन स्मिथसोनियनमधे, तिसरं २०२१ ला ८४ लाख डॉलरला गेलं आणि त्याची ग्रेड होती फक्त एयू ५०. १८५४ ला सॅन फ्रान्सिस्कोची टाकसाळ सुरू झाली त्या वर्षी पाच डॉलरची २६८ च नाणी पाडली होती, त्यातलं एक २०१८ मधे न्यू इंग्लंडमधल्या एका माणसाकडे निघालं, त्याला आधी व्यापाऱ्यांनी खोटं म्हणूनच परत पाठवलं होतं, एनजीसीने खरं ठरवून एक्सएफ ४५ (एयूच्या खालची पायरी) दिलं आणि २१ लाख ६० हजार डॉलर आले. पण तीन किंवा चार उरलेल्या नाण्यांची गोष्ट आहे ही, तुमच्याआमच्या डब्यातली नाही.

आता घासूनपुसून. मी २००६ मधे पहिलं डबल ईगल घेतलं, वर सांगितलं तेच १९०४ चं, एका दुकानात, सुटं, दुकानदार म्हणाला अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेलं, आहे, पिवळंधमक चमकत होतं, मी खूष. ग्रेडिंगला पाठवलं तर आकडा नाहीच, लेबलवर 'एयू डिटेल्स, क्लीन्ड'. कोणीतरी कधीतरी पॉलिश केलं होतं, भिंगातून बघितलं तर केसासारख्या बारीक रेघा सगळीकडे. जुन्या सोन्याला आत १० टक्के तांबं असल्यामुळे एक गरम लालसर रंग चढलेला असतो, कधी तांब्याचे ठिपके असतात, तो रंग म्हणजेच त्याची कातडी. एकदा सोलली की परत येत नाही. नंतर सोनं वाढत गेलं म्हणून माझा तोटा दिसला नाही, सोन्याने लाज राखली एवढंच, नाण्याने नाही.

आणि आपल्याकडे तर उजळून आणायची सवयच. इथल्या आमच्या ओळखीतल्या एका वहिनींकडे पाच डॉलरचं इंडियन हेड होतं, ज्यात चित्र वर उठलेलं नसतं तर खाली खोदल्यासारखं असतं, तसलं. सासूबाईंनी हौसेने त्याला कडी झाळून पदक करून घेतलं होतं आणि दर लग्नसराईला सोनाराकडून उजळून. पुतळ्यांच्या माळेची सवय आपल्याला, नाणं म्हणजे गळ्यातच. वहिनींनी तुमच्या पुरवणीसारखंच काहीतरी वाचून मला विचारलं की याचे किती येतील भाऊजी, आता काय सांगणार, कडी काढली तरी झाळल्याचा डाग राहतो, मोडीचाच भाव येणार. म्हटलं घालत जा, छान दिसतंय.

आणखी एक, लिलावाचा जो आकडा छापून येतो त्यात घेणाऱ्याने भरलेलं कमिशन धरलेलं असतं, विकणाऱ्याच्या हातात तेवढे पडत नाहीत, साध्या नाण्यात ग्रेडिंगची फी आणि विमा धरून पोस्टाचा खर्च वजा केला तर लिलावापेक्षा दुकानात दिलेलं बरं पडतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अशा बातम्यांच्या मागोमाग आपल्याकडे 'तुमचं जुनं नाणं लाखात घेतो' वाले फोन सुरू होतात, आधी टॅक्स भरा, आधी कमिशन भरा म्हणणारे. ऑगस्ट २०२१ मधे खुद्द रिझर्व्ह बँकेला सांगायला लागलं होतं की आमचं नाव आणि लोगो वापरून असले पैसे मागतायत, आम्ही असल्या भानगडीत नाही. पुढच्या पुरवणीत चौकट टाकायला जागा असेल तर लॉटरीच्या गोष्टीशेजारी हे टाका, आणि त्याखाली ठळक अक्षरात की सोनाराकडे उजळायला देऊ नका, टूथपेस्ट लावू नका, कडेला धरून उचला आणि असेल तसं ठेवा.

आपला एक जुना वाचक,
एडिसन, न्यू जर्सी