चाळीसची सिरिंज, शंभरची बाटली

संपादक महोदय,

नर्सिंगच्या विद्यार्थिनी वॉर्डात येतात तेव्हा योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे त्यांना तोंडपाठ असते. इन्शुलिनची मात्रा मात्र चार्टवर बरोबर लिहिलेली असूनही सिरिंज भरताना चुकते.

आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतेच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या. लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. लाल टोपणाच्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर; तेवढे औषध १०० च्या बाटलीतून ओढले तर रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट जातात. उलट अदलाबदल झाली तर जेमतेम ८. पहिल्या चुकीत साखर झपाट्याने उतरते, दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, रुग्ण बरळू लागतो. डोस रात्रीचा असेल तर तो गाढ झोपला आहे असेच सगळ्यांना वाटते! घरून आणलेल्या इन्शुलिन पेनच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे त्यातल्या औषधाच्या नळीतून, वॉर्डातल्या सिरिंजने औषध ओढणे तर कधीच नको. त्यातले इन्शुलिन सहसा १०० चे असते.

हस्ताक्षरही घात करते. आकड्यापुढे नुसते इंग्रजी ‘यू’ अक्षर घाईत लिहिले की ते शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० होतात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायची सवय पहिल्याच पोस्टिंगला लागली पाहिजे.

‘सिस्टर, वीस आहे ना?’ असे विचारून मान डोलावून घेणे ही तपासणी नव्हे. उत्तर प्रश्नातच सांगून झालेले असते. दुसरीने चार्ट स्वतः वाचावा, बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग पाहावा, मग भरलेले युनिट स्वतःच्या तोंडाने सांगावेत. रुग्णाची साखर किती, जेवण समोर आले का, हेही टोचण्याआधीच बघायचे.

मनुष्यबळ अपुरे म्हणून विद्यार्थिनीच्या हाती ट्रे देऊन तिला एकटीला पाठवले जाते आणि चूक झाली की बोलणीही तीच खाते. हे अन्यायाचे आहे. महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकात मुद्दाम चुकीची जोडी टेबलावर ठेवून ती ओळखायला लावावी. ती ओळखता येईपर्यंत इन्शुलिन द्यायला पाठवू नये. रुग्णालयांनी एका वॉर्डात एकाच तीव्रतेची बाटली आणि तिचीच सिरिंज ठेवावी.

– एक नर्सिंग अध्यापिका, सांगली