विन्याला, फोंड्याहून

प्रिय विन्या,

आठ महिने माझा पत्ता नाही. शिव्या भेटल्यावर घाल. आई बरी आहे, गुडघे तसेच. माझी शुगर विचारू नकोस.

गेल्या मंगळवारी माझे ४८,००० रुपये गेले. शुभाला अजून सांगितलेलं नाही. बाकीचे विचारतील, "ओटीपी दिलासच कशाला?" तू आधी हसशील, म्हणून तुला लिहितोय.

रायबंदर-चोडण फेरीबोटीत उभ्याने वाचायचो ते 'न्यूरोमॅन्सर' आठवतं, विल्यम गिब्सनची ती हॅकरची कादंबरी? तुझी ती झेरॉक्स, मधली पानं गायब. त्यातलं 'आईस', म्हणजे इंट्रूजन काउंटरमेझर्स इलेक्ट्रॉनिक्स: कंपन्यांच्या माहितीभोवतीच्या झगझगीत भिंती, आणि काळं आईस तर घुसणाऱ्याचा जीवच घेणारं. मी त्याला 'गारठा' म्हणायचो, तू 'बर्फ'. बर्फ मासळीवर घालतात म्हटलं, तर तीन दिवस अबोला धरलास! आणि हो, शब्द गिब्सनचा नव्हे, त्याच्या मित्राचा, टॉम मॅडॉक्सचा. तुझंच खरं होतं. घे.

तर मंगळवारी दिवसभर पाऊस, वीज दोनदा गेलेली. फोन आला: बिल भरलेलं दिसत नाही, रात्री साडेनऊला कनेक्शन तोडणार. आवाज इतका गरीब, की मलाच त्याची दया आली. "घाई नाही सर, चहा घ्या आधी." त्याने सांगितलेलं ॲप घेतलं, ओटीपी आला तो मोठ्याने वाचून दाखवला. बिलाची पावती समोरच्या खणात होती रे!

त्या १९८४ च्या पुस्तकात शेवटी तो चिनी व्हायरस येतो, क्वांग. धडक मारत नाही. आईसला लगटतो, हळूहळू त्याच्यासारखाच होतो, आईसला कळतही नाही. तू करवादायचास, "मारामारी कुठाय?" नसतेच ती, विन्या. बँकेच्या आईसवर ओरखडा नाही, दार मी आतून उघडलं. आणि काळं आईस कुणाचं काय जाळणार? तो बाब जेवून पुढचा नंबर लावत असेल. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, क्रमांक मिळाला.

पैसे चवथीचे होते. शुभा गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाची यादी घेऊन रोज समोर उभी राहते, मी पेपरात तोंड घालतो. काल गॅसवाल्या पोराचा फोन आला, त्याला चोर म्हणून झापलं. सिलिंडर घेऊन तो दारातच उभा होता.

पोरीचं ॲडमिशन झालं? बदली टळली का? चवथीला ये, पण नंबर बदललायस म्हणे, तर फोन न करता ये. उचलणार नाही.

तुझा,
नंदू