तुझ्या सायकलचं काय करायचं

प्रभादेवी, मुंबई
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

आधी वाईट बातमी. तुझी सायकल मोडली. म्हणजे फ्रेम मोडली; चाकं, हँडल, कॅरिअर, घंटी सगळं ठणठणीत आहे. मीही.

रत्नागिरीला जाताना "सांभाळ रे" म्हणून तू ती माझ्या हवाली केलीस, त्याला नऊ वर्षं झाली. ती तुझी की माझी हे आपण कधी बोललोच नाही. फोन केला असता तर तू दोन मिनिटांत "टाकून दे" म्हणून मोकळा झाला असतास, म्हणून हे पत्र.

सप्टेंबरात एल्फिन्स्टनचा पूल पाडायला बंद केला, तेव्हापासून लालबागला जायला मी करी रोडच्या पुलावरून वळसा घालतो. त्या चढावर उभं राहून पायडल मारताना खालून 'कट्, कट्' असा आवाज यायला लागला. वाटलं क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांडीची, पिन ढिली असेल. ठोकून घट्ट केली. मग ती दांडी ज्यावर फिरते त्या एक्सलचे छर्रे बदलले. आवाज जागच्या जागी. शेवटी सायकल उलटी करून नीट पुसली, तेव्हा सीटची उभी नळी खाली एक्सलच्या घराला मिळते तिथे केसाएवढी रेघ दिसली. नुसता रंग उडालाय की लोखंड फुटलंय? गॅरेजमधून वाटीभर डिझेल आणून तिथे लावलं, कोरडं पुसलं आणि वरून पोरीचा खडू घासला. थोड्या वेळाने पांढऱ्यावर ओली काळपट रेघ उमटली, नळीला अर्धा वळसा घालून. रंगाचा ओरखडा एवढं तेल पोटात ठेवत नाही.

वरळीला एक मामा गॅस वेल्डिंग करतात. त्यांच्याकडे सायकल ढकलत नेली ती नेमकी हिंद सायकल मार्गावरून! हिंद सायकलचा कारखाना कधीच गेला, पाटीवर नाव तेवढं राहिलंय. मामांनी विजेच्या वेल्डिंगला साफ नकार दिला. नळी जेमतेम मिलिमीटरभर जाड. भोक पडतं, नाहीतर टाक्याच्या शेजारी लोखंड कडक होऊन महिन्याभरात पुन्हा तुटतं. त्यापेक्षा पितळ भरायचं. पितळ नऊशे अंशांच्या आसपास वितळतं, पोलाद दीड हजाराच्या घरात, त्यामुळे नळीला धक्का लागत नाही. आपल्या काळ्या सायकलींचे सांधे मुळात असेच जोडलेले असतात. पाचशे रुपये सांगितले. मी खूश. मनात म्हटलं, बंड्याला कळवायलाही नको.

मग मामांनी सीट उपसून काढली, फ्रेम उलटी करून आपटली आणि ओंजळभर तांबडा भुगा जमिनीवर पडला. एक्सलच्या घरावर खालून स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर तो आत गेला. अरे, पुठ्ठ्यात जावा तसा! मामा म्हणाले, "पितळाला धरायला लोखंड तर पाहिजे ना?"

पावसाचं पाणी सीटच्या दांड्याकडेने नळीत उतरतं, तळाशी साचतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. त्यात आपली खारी हवा. बाहेरून मी दर दिवाळीला पॉलिश करत होतो आणि ती आतून खपत होती. पावसाळा संपला की सीट काढून उलटी टांग, वाळली की आत तेल सोड, असं तू सांगून गेला होतास. मी एकदाही केलं नाही. शिव्या घालायच्या त्या इथे घाल.

ऑफिसातली पोरं म्हणतात, गिअरवाली ॲल्युमिनियमची घे. गंज नाही हे खरं, पण ती तडकली तर मामांच्या गॅसचं काम नाही. टाका मारला की आजूबाजूचा धातू नरम पडतो. आणि नुसती तसली फ्रेम आणून आपली चाकं बसवावी, तर आपली रिम व्यासाला ६३५ मिलिमीटरची, त्या सायकलींची फार तर ६२२. ब्रेकची रबरं रिमला लागायचीच नाहीत. शिवाय करी रोडच्या चढाला गिअर? तू हसशील.

तेव्हा ठरवलंय असं: काळबादेवीहून तसलीच २२ इंची काळी फ्रेम आणायची आणि बाकी सगळं हिच्यावरचं काढून तिच्यावर चढवायचं. पुढचं चाक धरणारा चिमटाही जुनाच, मामांनी ठोकून बघितला, पक्का आहे. नव्या फ्रेमच्या एक्सलच्या घराला खालून एक बारीक भोक पाडून घेणार आहे, पाणी जायला. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे.

राहिली जुनी फ्रेम. सीटखाली तिचा नंबर कोरलेला आहे आणि त्याच्याशेजारी तू खिळ्याने काढलेला वाकडा 'ब' अजून वाचता येतो. तेवढा तुकडा मामा कापून देतो म्हणाले. ठेवायचा का? भंगारवाला शनिवारी येतो, त्याच्या आत कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मध्या