लेथ बंद आहे म्हणून

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

सकाळपासून इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लाइट नाही. पोरं चहाला गेलीत, लेथ बंद. म्हणून चलनबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर हे लिहितोय. तोंडाने बोललो की आपलं वाजतं. परवा जेवताना "धंदा काय वर्गात बसून शिकतात का?" असं बोलून गेलो आणि तू अर्धी भाकरी टाकून उठलीस. तुझी आई अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतेय.

राग नोकरी सोडलीस याचा नव्हता. म्हणजे थोडा होताच. एक तारखेला पगार घेणाऱ्या मुलीने पुन्हा दोन वर्षं विद्यार्थी व्हायचं, आणि कशासाठी, तर उद्योजकता आणि नवनिर्मिती. एमटेक म्हणाली असतीस तर इस्टेटमधल्या चार जणांना सांगायला तरी सोपं गेलं असतं.

तू टीव्हीवर ठेवून गेलेलं माहितीपत्रक मी चष्मा लावून दोनदा वाचलं. इंजिनिअर, फिजिओथेरपिस्ट, डिझायनर, कॉमर्सवाले, वकील, सगळे एका वर्गात. आधी वाटलं, ही कसली खिचडी! मग आयटीआयमधले आमचे सर आठवले. ते लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट दर बॅचला सांगायचे. लक्ष्मणराव मुंबईत आले ते जे.जे.मध्ये चित्रकला शिकायला. रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं आणि चित्रकला सुटली. मग यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये तीच शिकवू लागले. बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला सायकलींच्या दुकानात गेले. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती पुढे 1910 मध्ये. त्यांचा लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हते, लोखंडाने जमीन नासते म्हणायचे. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सर सांगत. आता बघ, हा माणूस चित्रकार म्हणायचा, मास्तर, दुकानदार की कारखानदार? आणि ज्याने नांगर घ्यायचा त्याच्या डोक्यात काय आहे, हे त्याला कुठल्या वर्गात शिकवलं होतं? हा प्रश्न मी तुझ्या विरोधात वापरणार होतो, पण मला आपल्याच गाळ्यातली एक दुपार आठवली.

तुला आठवतात का ती पवईहून आलेली तिघं? तू तेव्हा बारावीला होतीस. सलाइनच्या स्टँडवर पंप अडकवायच्या क्लॅम्पचं ड्रॉइंग घेऊन आली होती. कागदावर देखणं काम, पण आतला कोपरा अगदी काटकोनात. मी म्हटलं, बाळा, कटर गोल फिरतो, चौकोनी कोपरा कुठून काढू? रेडियस दे, म्हणजे थोडी गोलाई. शिवाय ड्राफ्टच नव्हता, पार्ट डायमधून, म्हणजे साच्यातून, सुटलाच नसता. डिग्री-दीड डिग्री उतार दे म्हटलं. इंजिनिअर पोरगा वहीत उतरवून घेत होता आणि मी फुशारलो होतो.

त्यांच्यात एक डॉक्टर मुलगी होती, तोवर गप्प. तिने पिशवीतून रबरी हातमोजे काढले, आपल्या त्या गळक्या नळाखाली हात ओले केले आणि नमुन्याचा नॉब फिरवला. नॉब हलला नाही, हातच घसरला. म्हणाली, "काका, वॉर्डात हात असेच असतात. आणि दुसऱ्या हाताने पेशंटला धरलेलं असतं." मी तीस वर्षं नर्लिंग केलेले, म्हणजे पकडीसाठी खरखरीत रेघा पाडलेले, गोल नॉब बनवतोय. ओल्या हाताने फिरवून बघायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

मग तिसरा, हिशेबवाला. डायचे अडीच लाख म्हटल्यावर त्याने पहिलं विचारलं, नग किती? पाचशे काढले तर डायचेच नगामागे पाचशे रुपये पडतात, पन्नास हजार काढले तर पाच. त्या दुपारी डाय झालीच नाही. लेथ-मिलिंगवर दहा नग काढले, या वेळी तीन पाकळ्यांचा नॉब, आणि ती डॉक्टर मुलगी ते हॉस्पिटलात वापरायला घेऊन गेली.

म्हणजे माझ्या गाळ्यात जे चुकून घडलं, ते तुमच्याकडे ठरवून घडवणार आहेत. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बायोडिझाइन या वैद्यकीय उपकरणांच्या कोर्समध्ये 2001 पासून असंच शिकवतात, आधी अडचण शोधायची, उपाय नंतर, हे तूच सांगितलंस. पवईच्या आयआयटीतलं बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्रही 2014 पासून डॉक्टर आणि इंजिनिअरना एका टेबलावर बसवतंय. तर तुझं म्हणणं मला निम्मं पटलं.

उरलेलं निम्मं हे. त्या वर्गात वकील कोण आहे त्याच्याशी पहिली ओळख कर. 1998 मध्ये मी एका मोठ्या कंपनीला चेकिंग गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, बनवून दिलं होतं. त्यांचा माणूस ज्या कामाला अर्धा तास घालवायचा ते चार मिनिटांत व्हायचं. खूश होऊन मी ड्रॉइंगही देऊन टाकलं. पुढची चाळीस गेजं दुसऱ्याकडून बनली, दोन रुपये स्वस्त. पेटंट म्हणजे शास्त्रज्ञांचं काम असं मी समजत होतो. आता कळतं की आधी साधा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. पण चारचौघांत दाखवायच्या आधी टाकायला हवा. आणि वर्गातल्या प्रोजेक्टवर हक्क तुझा, गटातल्या सगळ्यांचा की संस्थेचा, हे पहिल्या दिवशी लेखी विचारून घे. विचारायला लाजू नकोस, मी लाजलो होतो.

दुसरं, उधारी. लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यायचे असा 2006 चा कायदा आहे. आपल्या टेबलावर आत्ता नव्वद दिवसांची तीन बिलं पडलीत, आणि त्यांचा जीएसटी मी कधीच भरून बसलोय. हे तुमच्या सरांनी शिकवलं तर उत्तम, नाहीतर त्यांना एक दिवस गाळ्यावर घेऊन ये.

फीचं मी बघतो. कर्ज काढायचंच झालं तर तुझ्या नावावर नको, गाळ्यावर काढू. यावर वाद नको.

आणि हो, तो घसरणारा गोल नॉब अजून माझ्या खणात आहे. फेकवला नाही. रविवारी येशील तेव्हा घेऊन जा, तुझ्या वर्गातल्या फिजिओथेरपिस्टला दे. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या हातांना तीन पाकळ्यांचा तरी फिरतो का, ते तिला विचार. मला तर हल्ली फिरत नाही.

लाइट आली. थांबतो.

तुझे,
बाबा