ग्राहक भांडारांनी माल तरी एकत्र घ्यावा

मा. संपादक साहेब,

आमच्या पेठेतल्या ग्राहक भांडारात परवा तूरडाळ आणायला गेलो तर रॅक निम्मं रिकामं, अन् जी होती ती शेजारच्या मॉलपेक्षा महाग, काउंटरवरचा म्हातारा सेवक म्हणाला, साहेब आम्ही चार पोती घेतो, मॉलवाले ट्रकभर घेतात, कसा रेट जुळणार? खरंय की त्याचं. पण मग शहरातली आणि तालुक्यातली भांडारं मिळून एकच ट्रक का घेत नाहीत?

इंग्लंडात रॉचडेल गावच्या विणकरांनी 1844 ला सहकारी दुकान काढलं, पुढं 1863 मध्ये तिकडच्या बऱ्याच सहकारी दुकानांनी मिळून मँचेस्टरला होलसेल संस्थाच उभी केली, सगळ्यांचा माल तिथनं. आपल्याकडं गोकुळ काय वेगळं करतंय, गावोगावच्या डेअऱ्यांचं दूध एका ब्रँडखाली विकतंय की! मग डाळ, साबण, तेलाला काय अडचण? एकच गोडाऊन, एकच बिलिंग सॉफ्टवेअर, शाहूवाडीच्या भांडारात पडून राहिलेला साबण कागलला पाठवता आला पाहिजे. अडचण एकच, खरेदीची सही कुणाची (ते तुम्हालाही ठाऊक आहे). निदान दिवाळीच्या रवा-मैदा-साखरेपुरतं तरी दोन-तीन संचालक मंडळांनी एकत्र बसून बघावं.

- एक जुना सभासद, मंगळवार पेठ, कोल्हापूर