वाघाला नैवेद्याला बोलावणारे शेतकरी

पुणे, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू सांगितलंस ना की रानडुकरांनी एका रात्रीत अख्खी नाचणी लोळवली, तेव्हा मला काही बोलायलाच सुचलं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी क्लासमध्ये असं एक वाक्य वाचलं की वाटलं हे बाळ्याला सांगायलाच पाहिजे, पण मेसेजमध्ये मावणारं नाही म्हणून पत्र.

मी जुनी चिनी शिकतोय हे तुला माहितीय, म्हणजे आज बोलतात ती नव्हे, कन्फ्युशियसच्या वेळच्या ग्रंथांची. तर 'ली जी' म्हणून विधींचा ग्रंथ आहे, त्यात वर्षाखेरीच्या एका पूजेचं वर्णन येतं, पीक घरात आलं की ज्यांनी ज्यांनी मदत केली त्या सगळ्यांना नैवेद्य. त्यात लिहिलंय, मांजराला बोलवायचं कारण ते शेतातले उंदीर खातं आणि वाघाला बोलवायचं कारण तो शेतातली डुकरं खातो. आणि डुकराला शब्द आहे 'थ्यान श्र', थ्यान म्हणजे शेत. रानडुक्कर नाही रे, शेतडुक्कर! ज्याने हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याचं पीक नक्की गेलेलं असणार.

वाघाला 'हू', एवढाच छोटा शब्द. आज बोलताना 'लाओहू' म्हणतात, लाओ म्हणजे म्हातारा, पण इथे ते मानाचं, आपण वाघोबा म्हणतो त्यातलंच. दक्षिणेकडच्या छू राज्यात मात्र वाघाला 'वूथू' म्हणायचे, आणि हे आपल्याला कळतं ते एका गोष्टीमुळे. तिथे एक मूल दलदलीत टाकून दिलं होतं, त्याला वाघिणीने दूध पाजलं, मग घरच्यांनी ते परत आणलं आणि नावच ठेवलं 'कूवूथू', वाघिणीच्या दुधावरचा. तो पुढे छूचा प्रधान झाला. जुन्या इतिहासात त्याचं नाव समजावं म्हणून लिहिणाऱ्याने छूचे दोन शब्द उलगडून सांगितले आणि म्हणून ते टिकले.

नंतर नंतर वाघाला 'ता छुंग' म्हणायला लागले, म्हणजे मोठा किडा! मला आधी हे अजिबात पटेना. पण छुंग हा शब्द पूर्वी फार मोठा होता, सगळे जीव त्यात यायचे, केसाळ, पिसांचे, खवल्यांचे, कवचाचे आणि उघड्या कातडीचे. उघड्या कातडीचे म्हणजे आपण. मग मला तुझी आज्जी आठवली, रात्री साप निघाला की नाव न घेता नुसतं 'जनावर' म्हणायची. आपण सापाला जनावर म्हणतो, त्यांनी वाघाला किडा म्हटलं.

प्राणी बघायची त्यांची नजर मला फार आवडते. वसंत लागताना 'पाणमांजर माशांचा नैवेद्य दाखवतं' असं पंचांगात आहे, कारण ते मासे धरून काठावर मांडून ठेवतं, आणि शरदाच्या शेवटी कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, शिकारीचा नैवेद्य दाखवतात. कोळसुंद्याला 'छाय', लांडग्याला 'लांग', दोन वेगळे शब्द, गल्लत नाही. हरणाच्या नराला वेगळा, मादीला वेगळा, पाडसाला वेगळा, तो 'मी', आणि नियम असा की पाडसं धरायची नाहीत, अंडी उचलायची नाहीत. 'अर्या' नावाच्या सगळ्यात जुन्या कोशात तर रानटी प्राण्यांचं प्रकरण वेगळं आणि पाळीव प्राण्यांचं वेगळं.

पण ज्यासाठी खरं लिहायला बसलो तो शब्द हत्तीचा. 'श्यांग'. आन्यांगला, म्हणजे उत्तरेकडच्या हेनान प्रांतात, तीन हजार वर्षांपूर्वी राजधानी होती, तिथल्या हाडांवर कोरलेल्या लेखांत राजाने हत्ती मारल्याच्या नोंदी आहेत. १९७६ साली फू हाओ राणीची कबर सापडली त्यात जेडचे इवले हत्ती निघाले. हेनानचं एका अक्षरातलं नाव आजही 'यू' आहे आणि त्या अक्षराच्या पोटात हत्ती आहे, गाड्यांच्या नंबरप्लेटवर लिहितात ते! मग हवा थंड होत गेली, जंगल तोडून शेती झाली आणि हत्ती दक्षिणेला सरकत सरकत गेले. हान फेय म्हणून विचारवंत होता, इ.स.पू. २३३ मध्ये वारला, तो लिहितो की लोकांना जिवंत हत्ती क्वचितच दिसतो, मेलेल्याची हाडं मिळतात आणि त्यावरून ते जिवंत हत्ती कसा असेल हे मनात उभं करतात, म्हणून माणूस जे मनात उभं करतो त्या सगळ्याला श्यांग म्हणतात. आता हीच शब्दाची खरी व्युत्पत्ती की त्याने जुळवलेली, ते मला महत्त्वाचं वाटत नाही. ती ओळ वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. आज चिनी भाषेत कल्पना, प्रतिमा, अगदी हवामान, या शब्दांत श्यांग आहे, आणि रानातले हत्ती उरलेत फक्त दक्षिणेच्या टोकाला, युन्नानमध्ये. २०२१ साली त्यातला एक कळप चालत चालत कुनमिंग शहराच्या वेशीपर्यंत आला होता, तो व्हिडिओ तूच मला पाठवला होतास.

'मो'चंही तसंच झालं, जुन्या भाष्यात काळंपांढरं, अस्वलासारखं, बांबू खाणारं जनावर म्हणजे पांडाच दिसतो, पण पुढे तो शब्द टॅपिर नावाच्या छोट्या सोंडेच्या प्राण्याकडे गेला आणि पांडाला 'श्युंगमाव' असं अस्वल-मांजर नाव नव्याने द्यावं लागलं.

आणि तुझ्या दोडामार्गात उलटं घडलं बघ. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती यायला लागले, आपण शाळेत होतो तेव्हा हत्ती फक्त पुस्तकात होता. आता गावात त्यांच्यासाठी काय काय शब्द झालेत? एकट्या फिरणाऱ्याला काय म्हणता, पिल्लू बरोबर असलेल्या मादीला काय, माड पाडणाऱ्याला काय? आज्जीला विचार, वाडीतल्या पोरांना विचार, आणि लिहून पाठव, जसं बोलतात तसंच, शुद्ध करू नकोस. आणि नाचणीचं पुढे काय झालं तेही कळव. मी दिवाळीत येतोच आहे.

तुझाच,
नित्या